शॉर्टफिल्मचा शेवट अडलाय : गेलेल्या भावाची चिठ्ठी ठेवू की काढू?

वळचण

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिलाच काढतेय. सांभाळून घ्या.

१६ मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली आहे. शूटिंग संपलं, एडिटिंगही जवळजवळ झालं, आणि शेवटच्या दोन मिनिटांवर गाडी अडली आहे ती महिनाभर हलेना.

गोष्ट अशी. पन्नाशीला टेकलेली एक बाई मोठ्या भावाचं घर रिकामं करायला येते. भाऊ एकटा राहायचा, झोपेतच गेला. दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण वडिलांचं आजारपण. कोणी रात्री जागवल्या, कोणी नुसते फोनवरून सल्ले दिले, असलं सगळं साचत गेलं आणि एका रात्री दोघंही नको ते बोलून बसली. भांडण फिल्ममध्ये दाखवलेलं नाही. ती कपडे, कागद, भांडी आवरत राहते. गाडी पाच वाजता सामान न्यायला येणार असते. शेवटी टेबलाच्या खणात तिच्या नावाचं पाकीट सापडतं, आत चिठ्ठी. भावाच्या आवाजात ऐकू येतं, "मी रागावलो नव्हतो गं, दमलो होतो." ती रडते, खिडकी उघडते, उजेड आत येतो. समाप्त.

हो, भाऊ माझाच. आधीच सांगून टाकते म्हणजे कोणी अंदाज बांधत बसायला नको.

आतापर्यंत ९ जणांना दाखवली, त्यातले ७ रडले. पण तो शेवट आला की मीच दुसरीकडे बघायला लागते. काय चुकतंय ते कळत नाही.

फक्त वाचक

वाचतेय. विषय जड आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तिरपागडा

चिठ्ठी काढा. खिडकीही काढा. शॉर्टफिल्ममध्ये माणूस गेला की दहाव्या मिनिटाला खिडकी उघडतेच. (हलकेच घ्या.)

आता गंभीरपणे. गेलेला माणूस फार सोयीचा असतो. त्याच्या तोंडी काहीही घाला, तो उठून "मी असं म्हणालो नव्हतो" म्हणत नाही. तुमच्या फिल्ममध्ये १४ मिनिटं एक बाई अशा माणसासमोर उभी आहे जो आता उत्तर देणार नाही. सगळा ताण तिथंच आहे. आणि मग तुम्ही त्यालाच उत्तर द्यायला लावता, तेही तिला हवं तेच. तुमची नजर वळते ती बहुतेक ह्यामुळेच.

गोधडी

तिरपागडा, तुम्हाला सगळंच खोटं वाटतं. ७ जण रडले ना? मग अजून काय हवं?

माझे बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या कपाटातला प्रत्येक कागद उलटून पाहिला होता. मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. विजेची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, काही म्हणजे काही नाही. आयुष्यात नाही मिळत, तर फिल्ममध्ये तरी मिळू दे की त्या बाईला!

तिरपागडा

डोळ्यांत पाणी तर जांभईनंही येतं हो.

पण तुम्ही जे लिहिलंत ते पुन्हा वाचा. बिलाची मागची बाजू उलटून बघणारी बाई. ते वाचून मी थांबलो. चिठ्ठी वाचून थांबलो नव्हतो.

उनाड

माझे दोन पैसे. दुःखाचे पाच टप्पे असतात : नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार. तुमच्या नायिकेचा प्रवास स्वीकारापर्यंत जायलाच हवा, नाहीतर प्रेक्षकाला अर्धवट वाटेल. चिठ्ठी नको असेल तर दुसरं काहीतरी घाला, पण स्वीकार दाखवा. पटकथेच्या सगळ्या कार्यशाळांमध्ये हेच शिकवतात.

ऐलपैल

शिकवतात खरं, आणि तिथंच घोळ होतो. जवळचं माणूस गेलेल्या लोकांशी बोलण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते पाच टप्पे एलिझाबेथ कुबलर-रॉस ह्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये मांडले. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या. मागे राहिलेल्यांच्या नाही. म्हणजे "मी मरणार आहे" हे कळलेल्या माणसाचं वर्णन होतं ते, आणि पुढे ते "माझं माणूस गेलं" म्हणणाऱ्याला जसंच्या तसं चिकटवलं गेलं. शिवाय लोक त्याचा जिना करतात. पाचव्या पायरीवर पोचलं की सुटलो. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी असा जिना चढून गेलेलं कोणी मला तरी भेटलेलं नाही.

मला प्रत्यक्षात जे दिसतं त्याच्या जास्त जवळ जाणारी मांडणी १९९९ ची आहे, मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट ह्या दोघांची. त्यांचं म्हणणं असं की माणूस झोपाळ्यासारखा हेलकावे खातो. एकदा गेलेल्याकडे, एकदा समोरच्या कामांकडे. सकाळी फोटो बघून कोसळलेली बाई दुपारी बँकेत जाऊन नाव बदलण्याचा अर्ज भरते, रांगेत कोणाशी तरी वादही घालते. दोन्ही खरंच. तुमच्या नायिकेला सामान आवरायचं काम आहे आणि पाचची गाडी आहे, हे मला म्हणूनच आवडलं. हेलकावा तुमच्याकडे आयताच आहे. चिठ्ठी आली की झोपाळा थांबतो.

दुसरं, "भूतकाळ मागे टाकणे". पूर्वी असंच धरून चालायचे की गेलेल्या माणसाशी नातं तोडलं की माणूस बरा झाला. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं मांडलं : नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बऱ्याच लोकांना त्याचाच आधार असतो. तेव्हा "स्वीकार" म्हणजे निरोपच असला पाहिजे असं नाही.

तिरपागडा ह्यांच्याशी मात्र अर्धीच सहमत. गेलेल्या माणसाकडून बोलवून घेणं खोटंच असतं असं नाही. समुपदेशनात आम्ही हे मुद्दाम करतो. समोर रिकामी खुर्ची ठेवून माणूस आधी स्वतः बोलतो, मग त्या खुर्चीत बसून पलीकडचं उत्तरही स्वतःच देतो. पत्र लिहितो, पत्राचं उत्तरही लिहितो. फरक एवढाच की लिहिणारा हात आपलाच आहे हे त्याला पूर्ण वेळ माहीत असतं. तुमच्या फिल्ममध्ये चिठ्ठी *सापडते*. बाईनं ती स्वतः लिहिली असती तर मी गप्प बसले असते.

तिरपागडा

दंडवत. शेवटच्या परिच्छेदासाठी माझे शब्द अर्धे मागे घेतो.

उनाड

मी १० वर्षं लोकांना पाच टप्पे सांगत फिरलो की हो. आता कोणाकोणाला फोन करू?

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. भाऊ जिवंत होता तेव्हा सहा वर्षं फोन केला नाही. आता फिल्म काढून दुःख दाखवायचं. हे कोणासाठी चाललंय?

गोधडी

अहो, जरा जपून! असं कोणी बोलतं का?

वळचण

राहू दे गोधडीताई. रोखठोक, हा प्रश्न मी १४ महिने रोज स्वतःला विचारतेय, तुम्हीच उशिरा आलात. उत्तर सापडलं की इथं लिहीन.

एक मात्र सांगते. तो गेल्यावर माझ्या ऑफिसात कोणाला काय बोलावं ते कळेना. कारण सगळ्यांना माहीत होतं की आमचं बोलणं नव्हतं. एक जण म्हणाली, "बरं झालं ना, तुझं तसंही फारसं नव्हतं." तिचा हेतू वाईट नव्हता. मी "हो" म्हणाले आणि जागेवर जाऊन पुढची फाइल उघडली.

ऐलपैल

रोखठोक, ह्या प्रकाराला अभ्यासात स्वतंत्र नाव आहे. ज्या दुःखावर आपला हक्क आहे असं आजूबाजूचे मानत नाहीत ते दुःख. केनेथ डोका ह्यांनी १९८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. घटस्फोटित जोडीदार, जगाला न सांगितलेलं नातं, बोलणं तुटलेली भावंडं. त्यांना धड रडताही येत नाही, कारण पहिला प्रश्न तुमच्यासारखाच येतो. बोलणं तुटलेलं असलं की दुःख कमी होतं असं नाही. उलट त्यात एक न संपलेलं भांडण राहतं, आणि भांडायला समोर कोणी नसतं.

वळचण, तुम्ही १४ महिने म्हणालात म्हणून एक सांगून ठेवते, कारण हल्ली लोक नेटवर वाचून घाबरतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०२२ मध्ये "लांबलेल्या शोका"चा विकार आला आणि त्यात मोठ्या माणसांसाठी १२ महिन्यांची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत ६ महिने. पण नुसतं कॅलेंडर बघायचं नसतं. जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा त्याच आठवणींत गुंतून राहणं, आणि त्यापायी रोजचं जगणं अडून बसणं, असं सगळं मिळून ते ठरतं. वर्ष उलटल्यावरही वाईट वाटतं म्हणजे आजार, असं अजिबात नाही. इथं बसून मी निदान करत नाहीये, फक्त ती १२ ची भीती घालवतेय.

कात्रीवाला

उशीर झाला, पण मी एडिटर आहे, कात्रीबद्दल बोलतो. मानसशास्त्र ऐलपैलताईंचं.

१. चिठ्ठीवर पार्श्वसंगीत आहे का? असणारच. पियानो. काढून बघा. नुसत्या शांततेत ती चिठ्ठी उभी राहिली नाही, तर रडू संगीताचं होतं, तुमचं नाही.

२. शांतता म्हणजे आवाज बंद करणं नव्हे. त्या खोलीचा रिकामा आवाज शूटिंगच्या वेळी मिनिटभर रेकॉर्ड केला असेलच. तो खाली चालू ठेवा. पूर्ण मुका ट्रॅक टाकलात तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला.

३. तुमची नटी चांगली असेल तर तिला रडू देऊ नका. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव ह्या दिग्दर्शकानं एका नटाचा तोच भावहीन चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका बाईला जोडून दाखवला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक, दुःख, इच्छा असं वेगवेगळं दिसलं, अशी ती प्रसिद्ध गोष्ट. चेहऱ्यानं काही केलेलं नव्हतं. शेजारचा शॉट बदलला होता. तुम्हाला शेजारचा शॉट शोधायचा आहे. चिठ्ठी हा शेजारचा शॉट नाही, ते भाषण आहे.

४. "ॲक्शन"च्या आधीचं आणि "कट"च्या नंतरचं फुटेज बघा. कोणी बघत नाही. लाइट लागेपर्यंत नटी नुसती बसलेली असते तेव्हा कॅमेरा चालू राहिलेला असतो. माझ्या अर्ध्या करिअरचे चांगले शॉट तिथले आहेत.

आणि एक प्रश्न. चिठ्ठी खरी होती का? खरंच सापडली होती?

वळचण

नाही.

कात्रीवाला

मग काय सापडलं?

वळचण

दोन दिवस विचार करून लिहितेय.

काहीच नाही सापडलं, हे खरं उत्तर. म्हणजे सामान खूप होतं, माझ्याबद्दलचं काही नव्हतं. तो फार व्यवस्थित माणूस. बिलांच्या फायली वर्षांनुसार लावलेल्या. जुन्या चार्जरची एक पिशवी, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर कशाचा ते लिहिलेलं, त्यातली निम्मी यंत्रं कधीच भंगारात गेलेली. शर्ट सगळे एकाच बाजूला तोंड करून टांगलेले. एका शर्टाच्या खिशात पेन गळून निळा डाग पडला होता आणि तो डाग घासून घासून काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता, कापड तिथं पातळ झालं होतं. गोधडीताई, मीही कागद उलटून बघितले. सगळे. संध्याकाळी चिडचिड झाली. एवढं सगळं जपणाऱ्या माणसानं माझं एक काही जपू नये?

बाकी काय? घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, ते तसंच. आमच्या घरात लहानपणापासून भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं. दादाला शाळेत उशीर व्हायचा म्हणून आईनं लावलेलं. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण सगळ्यांनाच माहीत होतं, सगळे मनात सात वजा करायचे. दादानं स्वतःच्या घरातही तसंच ठेवलं होतं, एकटा राहत असताना, कोणाला फसवायचं होतं कोण जाणे. मी तिथं दिवसभर वेळ बघत होते आणि वजा करत होते, हे माझ्या संध्याकाळी लक्षात आलं. शूटिंगही त्याच घरात केलं, घर सोडायच्या आधी. फिल्ममध्ये ते घड्याळ मागे कुठंतरी दिसतंही.

बस, एवढंच. ह्यात फिल्मच्या शेवटाला लागेल असं काही नाही.

तिरपागडा

बाई, तुम्ही शेवट लिहून मोकळ्या झालात आणि खाली "काही नाही" म्हणून सही केलीत.

गोधडी

माझ्या अंगावर काटा आला. चिठ्ठीच्या बाजूनं मीच भांडत होते, मीच म्हणते, काढा ती.

बाबांचा चष्मा माझ्याकडे आहे. काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. आठ वर्षं तो चष्मा मी पुसला नाही. मग एकदा धूळ झटकताना सवयीनं पदरानं पुसला गेला. दिवसभर कोणाशी बोलले नाही. असो. अवांतर झालं.

ऐलपैल

अवांतर कुठलं, गोधडी.

वळचण, "माझं एक काही जपू नये?" ही तुमच्या फिल्ममधली सगळ्यात खरी ओळ आहे आणि ती फिल्ममध्ये नाही. तिला राग येऊ द्या की. आपण गेलेल्या माणसावर रागावलेली बाई दाखवायला फार बिचकतो.

कात्रीवाला

कामाचं बोलू. गाडी पाचला येणार आहे, बरोबर? शेवट असा लावून बघा. सामान बांधून झालं. ती पिशवी उचलते, घड्याळ बघते, पाच वाजलेत. दाराकडे निघते. थांबते. पिशवी खाली ठेवते आणि परत बसते. सात मिनिटं आहेत अजून.

संवाद नाही, संगीत नाही. ती बसलेली असतानाचा शॉट ४० सेकंद धरा, मग काळा पडदा.

पण हे कळायला सात मिनिटांची गोष्ट आधी दोनदा पेरावी लागेल, आणि तीही सांगून नाही. एकदा ती फोनवर गाडीवाल्याला वेळ सांगताना भिंतीकडे बघून वजाबाकी करते. दुसऱ्यांदा मदतीला आलेला मुलगा म्हणतो, "ताई, घड्याळ पुढे आहे," आणि ती नुसतं "हं" म्हणते.

उनाड

१० सेकंदांच्या वर शॉट धरला तर लोक मोबाइल काढतात हो.

कात्रीवाला

काढू देत. त्यांनाही वेळच बघायची असेल.

रोखठोक

मी आधी लिहिलं ते जरा जास्तच झालं. माझा धाकटा भाऊ आहे. चार वर्षं झाली. एवढंच.

फक्त वाचक

रोखठोक, फोन उचला.

वळचण

धागा वर काढतेय. तीन आठवड्यांनी आले, माफी असावी.

कात्रीवाला, "ॲक्शन"च्या आधीचं फुटेज सगळं बघितलं. एका ठिकाणी ३८ सेकंद सापडली. नटी पलंगाच्या कडेला बसली आहे, लाइट हलवायला वेळ लागत होता. ती काही करत नाहीये. नखाजवळचं साल काढतेय. मी ते चिठ्ठीच्या जागी लावलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिले. गाडीवाल्याच्या फोनचा शॉट होताच, तो चालून गेला. "घड्याळ पुढे आहे" हे वाक्य मुलाच्या आवाजात नंतर रेकॉर्ड करून घेतलं, तो तेव्हा कॅमेऱ्याकडे पाठ करून खोकं बांधत होता म्हणून जमलं.

आता फजिती ऐका. भिंतीवरचं घड्याळ पाच शॉटमध्ये दिसतंय. पहिल्या दोन शॉटमध्ये सात मिनिटं पुढे. तिसऱ्यात बंद, कारण साउंडवाल्यानं टिकटिक माइकमध्ये येते म्हणून सेल काढला. आणि चौथ्या-पाचव्यात अगदी बरोबर वेळ! आमच्या एका सहायकानं सेल घालताना मोबाइलवर बघून नीट लावून दिलं होतं, बिचाऱ्यानं मदत म्हणून. मी त्या दिवशी तिथंच होते. माझ्या लक्षात आलं नाही. दिवसभर त्या बरोबर वेळेतून मी सात वजा करत होते की काय, देव जाणे. जेवणाची सुट्टी उशिरा दिली म्हणून सगळे कुरकुरत होते, एवढं आठवतं.

तर घड्याळाचा जवळचा शॉट नव्यानं घ्यावा लागणार. घर आता दुसऱ्यांचं आहे. घड्याळ माझ्याकडे आहे, वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर होतं. काल काढलं. सेल नसल्यामुळे अकरा वीसवर थांबलं होतं.

कात्रीवाला

घड्याळाचा इन्सर्ट, म्हणजे तो जवळचा शॉट, कुठल्याही भिंतीवर होईल, भिंतीचा रंग तेवढा जुळवा. काटे हातानं पाचवर लावा, सेल नको, म्हणजे रीटेक घेता येतील. टिकटिक वेगळी रेकॉर्ड करू.

वळचण

काटे पाचवर लावून शॉट घेतला आज सकाळी. चार टेक. तुम्हाला पाठवलेत.

मग सेल घातला. फोनवर बघून सात मिनिटं पुढे लावलं आणि स्वयंपाकघरात टांगलं. मुलगा म्हणाला, चुकीचं आहे. मी म्हटलं, वजा कर.

टिकटिक रात्री रेकॉर्ड करते. किती सेकंदांची हवी?

कात्रीवाला

दोन मिनिटं सलग. पंखा बंद, फ्रीज बंद. आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी तरी तो परत चालू करायची आठवण होईल.